खडखड एकाची, झीज दुसऱ्याची

जुन्या गाडीत रोज बसणाऱ्याला तिचं सस्पेन्शन गेलंय हे सहसा कळत नाही. कळतं ते वर्षभराने त्या गाडीत बसलेल्या मित्राला. दहा मिनिटांत तो दारावरचं हँडल घट्ट धरतो आणि विचारतो, "ही नेहमीच अशी चालते का?" आपल्याला मनापासून वाटतं, हो, अशीच तर चालते. झीज रोज केसभर होते, आणि आपले हात, कंबर, कान रोज केसभर जुळवून घेतात. पाच-सात वर्षांनी गाडी आणि माणूस दोघंही मूळ जागेपासून बरेच सरकलेले असतात, फक्त सोबत सरकल्यामुळे दोघांनाही पत्ता नसतो.

मग एक दिवस आवाज येतो. टक. छोट्या खड्ड्यावर टक, गतिरोधकावर टकटक. आवाज आला की आपण सुटे भाग विकत घ्यायला निघतो. मीही निघालो होतो. माझ्या चौदा वर्षं जुन्या गाडीत पुढच्या डाव्या बाजूने टकटक यायची आणि मी मेकॅनिकला ठासून सांगितलं की शॉकअप गेले. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. गाडी झकास झाली, वळणावर झुकायची थांबली, ब्रेक मारल्यावर नाक खुपसायची थांबली. टकटक मात्र जशीच्या तशी. ती निघाली लिंक रॉडची, म्हणजे बोटाएवढ्या जाड एका दांडीच्या टोकाची. शॉकअप खरोखरच संपलेले होते, पण ते गुपचूप संपले होते. आरडाओरडा करणारा वेगळाच होता. जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचं हेच त्रांगडं आहे: सगळे भाग एकाच वेळी थोडेथोडे झिजलेले असतात आणि सर्वात जास्त झिजलेला भाग सर्वात जास्त आवाज करेलच असं नाही.

बोलताना आपण सस्पेन्शन म्हणजे शॉकअप असं धरून चालतो. खरं तर त्यात तीन वेगळी खाती आहेत: वजन पेलणं, उसळी आवरणं आणि चाक जागेवर धरून ठेवणं. वजन स्प्रिंग पेलते. उसळी शॉकअप आवरतो. चाक कुठे असावं, किती झुकावं, कोणत्या दिशेला बघावं हे आर्म आणि रॉड हे दांडे, बुश आणि बॉल जॉइंट हे सांधे मिळून ठरवतात. ही खाती डोक्यात वेगळी ठेवली तर निम्मं निदान बसल्या जागी होतं. गाडी एका कोपऱ्यात खाली बसलीय? स्प्रिंगकडे बघा. शॉकअप वजन उचलत नाही, त्यामुळे तो बदलून बसलेली गाडी उठणार नाही. खड्डा ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा हेलकावते? शॉकअप. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी रस्त्यावर पोहते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते? बुश आणि जॉइंट तपासा.

शॉकअप आतून कसा असतो ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. नळीत तेल आणि त्या तेलात वरखाली जाणारा पिस्टन. पिस्टनला बारीक भोकं, भोकांवर पातळ पत्र्यांच्या झडपा. चाक उसळलं की पिस्टनला तेल त्या चिंचोळ्या वाटेने ढकलावं लागतं. तेल तापतं आणि खड्ड्याने दिलेली ऊर्जा उष्णता होऊन हवेत विरते. म्हणजे शॉकअप हा एका अर्थी उसळीचा ब्रेक आहे. यावरून एक जुनी युक्ती निघते: खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवून आल्यावर चारही शॉकअपच्या नळ्यांजवळ हात नेऊन बघायचा. तीन गरम आणि एक गार असेल तर त्या गाराने काम केलेलं नाही. हात जपून न्या, ब्रेकची डिस्क शेजारीच असते आणि ती भाजते.

त्याच्यावर किती काम पडतं याचा ढोबळ हिशेब करू. गाडीचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतं. चाक मात्र हलकं आणि टायर ताठ, त्यामुळे त्याची थरथर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होते. गाडी एक लाख किलोमीटर चालली आणि सरासरी वेग ताशी ४० धरला तर ती २,५०० तास चालली, म्हणजे ९० लाख सेकंद. रस्ता प्रत्येक सेकंदाला वाईट नसतो, तरी झोके लाखांत आणि चाकाची थरथर कोटींत जाते. एवढ्यानंतर झडपांचे पत्रे थकले, सील झिजला, तेलाचा दाटपणा उतरला, तर नवल नाही. ८०,००० किलोमीटरनंतर शॉकअप तपासत राहा असं म्हणतात ते यामुळे. 'तपासा' म्हणतात, 'बदला' नव्हे. गुळगुळीत रस्त्यावरची गाडी याच्या दुप्पट जाते, खडबडीत रस्त्यावरची निम्म्यात हात टेकते.

आणि हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. थरथर आवरणारं कोणी नसेल तर चाक खडबडीत जागी क्षणभर रस्ता सोडतं. हवेतल्या टायरला ब्रेक लागत नाही आणि वळताही येत नाही. कोरड्या, सपाट रस्त्यावर फरक जाणवत नाही. ओल्या, उंचसखल वळणावर ब्रेक मारायची वेळ आली की जाणवतो.

संपलेला शॉकअप ओळखायचा कसा? सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडायचा. दोन-तीन वेळा उसळला तर शॉकअप मेला. हे खरं आहे, पण उलट खरं नाही. हाताने दाबताना पिस्टन सावकाश सरकतो, खड्ड्यात तो कितीतरी वेगाने जातो, आणि त्या वेगासाठी असलेल्या झडपा हाताच्या परीक्षेत उतरतच नाहीत. शिवाय जुन्या गाडीत आखडलेले सांधेच उसळी दाबून टाकतात. म्हणून या परीक्षेत नापास झालेला शॉकअप नक्की नापास, पास झालेला मात्र संशयितच. जास्त भरवशाचा साक्षीदार टायर आहे. चाकाच्या घेरावर तळहात फिरवा. थोड्याथोड्या अंतरावर उंचवटा-खोलगा, उंचवटा-खोलगा असं हाताला लागलं तर चाक रस्त्यावर नाचत चाललेलं आहे. नळीवरचा ओलावाही वाचता यायला हवा. वरच्या भागात धूळ चिकटलेला पुसट तेलकट थर असेल तर घाबरू नका. दांडी आतबाहेर होताना थोडं तेल वर येतंच. पण ओघळ खालपर्यंत आला असेल, नळी ओली चकचकीत दिसत असेल, तर सील गेला. कोरडा शॉकअप चांगलाच असतो असंही समजू नये, कारण आतल्या झडपा बाहेर न गळताही संपतात.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. ती घासून झिजत नाही, पण वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसते, आणि तिच्यावरचा रंग उडून गंज लागला की एखाद्या दिवशी तुटते. तुटते बहुधा सर्वात खालच्या वेढ्याजवळ, जिथे माती-पाणी साचतं आणि जिथे ती खालच्या वाटीत लपलेली असते. म्हणून हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन वाकून बघावं लागतं. तुटलेलं टोक टायरच्या अगदी जवळ असतं, आणि टायर फाडण्याइतकं तीक्ष्ण. बसलेली स्प्रिंग ओळखायला मोजपट्टी पुरते: सपाट जागी, टायरमध्ये नीट हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर कारण शोधायला हवं. आणि तो कागद सांभाळून ठेवा, पुढे एका महत्त्वाच्या कामासाठी लागणार आहे.

आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात. त्या खांबाला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना बसवली आणि फोर्डने १९५० साली लोकांसमोर आणलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ती वापरली. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी, म्हणून ती जगभर पसरली. आपल्यासाठी तिचा अर्थ असा की इथे शॉकअप चाकाला उभं धरण्याचंही काम करतो. स्टिअरिंग फिरवलं की अख्खा खांब फिरतो, आणि तो फिरावा म्हणून वर एक रबरी माउंट आणि बेअरिंग असतं. हे बेअरिंग अडकलं की उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग पिळली जाते आणि सुटताना 'टंग' असा आवाज करते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. माउंट, बेअरिंग, आतला बंप स्टॉप (चाक पार वर गेलं की धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ रोखणारा रबरी पडदा हे चारही भाग शॉकअपच्या मानाने किरकोळ आहेत, पण बदलायचे तर तोच खांब उतरवून स्प्रिंग दाबून सोडवावी लागते. शॉकअप नवा आणि माउंट जुनं ही काटकसर मला कधीच पटली नाही. फाटलेल्या पडद्यातून धूळ नव्या दांडीवर बसते आणि नवा सील घासायला लागते.

आता बुश. माझ्या मते अख्ख्या गाडीत इतका साधा दिसणारा आणि इतका चुकीचा समजला जाणारा दुसरा भाग नाही. दिसायला ती लोखंडी कडी, मधे रबर, आणि त्यात आणखी एक लोखंडी नळी. बघणाऱ्याला वाटतं की आतली नळी रबरात फिरत असेल, बिजागरीसारखी. ती फिरत नाही. रबर दोन्हीकडच्या लोखंडाला पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडली जाते, बाहेरची कडी आर्मबरोबर हलते, आणि त्या दोघांमधला सगळा फरक रबर पिळवटून सोसतं. म्हणजे हा घासणारा सांधा नाही, पिळला जाणारा सांधा आहे.

एवढं एक कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. करकरणाऱ्या बुशवर तेल मारू नये, कारण घासणारं तिथे काही नाही आणि खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. कमी चाललेल्या गाडीचेही बुश जातात, कारण रबर किलोमीटरने जेवढं थकतं तेवढंच वयाने थकतं: हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला ताठ करतात, मग भेगा पडतात. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे म्हातारपणाच्या सुरकुत्या, त्या चालतात. भेग खोल गेली, रबर लोखंडापासून सुटलं, टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, जरा रेटल्यावर आर्म पुढेमागे सरकायला लागला, की बुश संपला. काही बुशांच्या पोटात द्रव भरलेला असतो, थरथर शोषायला. तो फुटला की आर्मवर काळपट डाग दिसतो. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश सैल झाला तर ब्रेक मारताना आणि सुटताना एक जड, दबका 'धप' येतो. चाक खरोखरच सेंटिमीटरच्या काही हिश्श्याने मागेपुढे सरकलेलं असतं, आणि त्याबरोबर त्याची दिशाही.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचं टोक) आणि लिंक रॉडची टोकं ही मात्र खरी घासणारी मंडळी. वाटीत फिरणारा गोळा, ग्रीस आणि वर रबरी टोपी. मरण बहुतेक वेळा टोपीतून येतं. ती फाटली की ग्रीस बाहेर आणि पाणी-वाळू आत, मग गोळा आणि वाटी एकमेकांना खात बसतात. फाटलेली टोपी दिसली आणि आतला सांधा अजून घट्ट असला तरी तो उसन्या दिवसांवर आहे असं समजा. लिंक रॉडचं टोक झिजलं तर बहुधा फक्त कान किटतात. बॉल जॉइंट सुटला तर चाक कमानीखाली आडवं पडतं आणि टाय रॉड एंड सुटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकेनासं होतं. पैसे मोजून खर्च करायचे असतील तर क्रम इथूनच ठरतो: आधी हे दोन, मग शॉकअप आणि बुश, आणि आवाजापुरते भाग सर्वात शेवटी. तुटलेली स्प्रिंग सापडली तर ती ताबडतोब, रांगेत न लावता.

कान आणि टॉमी

भाग मागवण्याआधी अर्धा दिवस शोधण्यात घालवा. आवाज कधी येतो हे आवाज कसा येतो यापेक्षा जास्त सांगतं. सावकाश जाताना बारीक खडबडीवर टकटक, आणि चाक आळीपाळीने उचललं की जास्त, तर बहुधा लिंक रॉड. हे पडताळायची सोपी रीत अशी: दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड सोडून टाकायच्या, दांड्या कशाला आपटणार नाहीत अशा बांधायच्या, आणि मोकळ्या जागी अगदी सावकाश एक फेरी मारायची. गाडी वळणावर जास्त झुकेल, पण आवाज गेला तर चोर सापडला. नाही गेला तर दोन भागांचे पैसे वाचले.

मोठ्या खड्ड्यात 'धाड' येत असेल तर बंप स्टॉपचा भुगा झालेला असू शकतो. वेगात स्टिअरिंगमध्ये थरथर येत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग, आणि फक्त ब्रेक मारताना येत असेल तर आधी डिस्क बघा. सैल बुश ती थरथर मोठी करतात, पण जन्म सहसा त्यांनी दिलेला नसतो.

मग गाडी उचला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय कधीच नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर तो बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. दोघांत फरक करायला कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडकडे हात लावून बघा, बोटांना टिचकी जाणवते. मॅकफर्सन रचनेत वजन खांबातून वर जातं, खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही, म्हणून चाक लटकत ठेवून टॉमीने रेटलं की त्याचा खेळ दिसतो. पण स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल अशा गाडीत जॉइंट स्प्रिंगच्या ताणाने दाबलेला असतो. तिथे जॅक आर्मखाली लावून तो ताण उतरवल्याशिवाय गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो. लिंक रॉडचंही असंच: एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (वळणावरचा झुकाव आवरणारा आडवा बार, लिंक रॉड त्यालाच जोडलेली असते) पिळला जातो, दांडी ताणली जाते आणि सैल टोक गप्प बसतं. दोन्ही बाजू एकसारख्या उचला, मग हलवा.

काय जोडीने, काय एकटं

शॉकअप एका ॲक्सलवर नेहमी जोडीने बदलायचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला तर ब्रेक मारताना गाडी दोन वेगळ्या स्वभावांची होते. स्प्रिंगही जोडीनेच, नाहीतर गाडी कलते. बुश जोडीने बरे, कारण डावे-उजवे एकाच वयाचे असतात. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड एकटा बदलला तर काही बिघडत नाही, फक्त दुसरा तपासून घ्या.

लोअर आर्मच्या बाबतीत प्रश्न पडतो: बुश काढून नवे ठोकायचे की अख्खा आर्म घ्यायचा? दोन बुश आणि बॉल जॉइंट तिन्ही थकले असतील तर अख्खा आर्म. प्रेसवर बुश काढण्या-बसवण्यात जाणारा वेळ मोजला तर फार वाचत नाही. एकच बुश गेला असेल आणि मूळ आर्म दणकट असेल तर तो ठेवावा. बदली म्हणून मिळणारे सगळेच आर्म मुळाच्या तोडीचे नसतात. बुश प्रेसमध्ये घालताना एक बघायचं: पुष्कळ बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावा म्हणून. तो फिरवून कसाही बसवला तर बुश नवा, पण स्वभाव चुकीचा. जुना काढण्याआधी त्याचा फोटो घ्या.

पॉलियुरेथेनचे बुश घ्या असा सल्ला मिळेल. ते टिकाऊ असतात, पण ते पिळले जात नाहीत, घासत फिरतात. त्यांना ग्रीस लागतं आणि ते रस्त्याची थरथर सरळ सीटपर्यंत आणतात. स्पर्धेच्या गाडीला ठीक. घरच्या म्हाताऱ्या गाडीला रबरच शोभतं.

स्प्रिंग मागवताना नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. त्याच गाडीत जड इंजिनला वेगळी स्प्रिंग असते आणि हलक्याला वेगळी. मूळ स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात ते यासाठीच. ठिपके पुसले गेले असतील तर चॅसिस नंबरवरून भाग काढायला सांगा.

काम करताना

गंजलेले बोल्ट ही जुन्या गाडीची खरी परीक्षा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. ज्या बोल्टने कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, जुळवला जातो त्याचं डोकं बहुधा मध्यापासून सरकलेलं, एका बाजूला फुगीर असतं. त्याची जागा सोडण्याआधी रंगाने खूण करा. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या पाइपला लटकवू नका, तारेने बांधा. एबीएसची वायर आधी सोडा. स्ट्रट सुटल्यावर चाकाचा हब बाहेर झुकतो, त्याला आधार द्या, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा ओढला जाऊन सुटतो आणि काम दुप्पट होतं.

स्ट्रटच्या माथ्यावर बाहेरचे दोन-तीन नट आणि मधला एक मोठा नट दिसतो. गाडीवरून खांब उतरवायला बाहेरचेच सोडायचे. मधला नट म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगची कडी आहे. तो स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ताण पूर्ण उतरवल्याशिवाय सोडला तर शेकडो किलोच्या बळाने सगळं उडतं. कॉम्प्रेसर झिजलेला असेल किंवा हाताशी चांगला नसेल तर हे एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या. यात कमीपणा नाही.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, आणि दुहेरी नळीचा असेल तर आतला वायू तेलात मिसळलेला असतो. तो उभा धरून दांडी तीन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर करा. सुरुवातीचा 'पोकळपणा' जाऊन हालचाल सलग झाली की बसवा. दांडी पक्कडीने धरू नका. त्या चकचकीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तर सील महिन्याभरात गळतो. इम्पॅक्ट गनने दांडीवरचा नट गरगरा फिरवणंही त्याच कारणासाठी टाळा. नायलॉनची कडी असलेले नट एकदाच वापरायचे.

आणि आता तो कागद काढा, ज्यावर चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर लिहिलं होतं.

गाडी लिफ्टवर आहे, चाकं लटकताहेत, आर्म खाली झुकलेला आहे. तिथेच बुशचा बोल्ट पक्का आवळला तर आतली नळी त्या लटकलेल्या अवस्थेत जखडली जाते. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो आणि नवं कोरं रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. खड्ड्यात ते आणखी पिळतं, आणि काही महिन्यांत फाटतं. माझ्या एका आर्मचे बुश असेच वर्षाच्या आत गेले. मी माल खराब म्हणून शिव्या घातल्या, दुसरा आर्म आणला, आणि तो बसवताना एका म्हाताऱ्या फिटरने मला हे समजावलं. माल निर्दोष होता. घाई दोषी होती.

योग्य रीत अशी: बोल्ट आधी हाताने बसवून सैलच ठेवायचे. मग आर्मखाली जॅक लावून चाक वर घ्यायचं, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर कागदावरच्या आकड्याइतकं होईपर्यंत. गाडी चाकांवर उभी असताना खाली जायची सोय असेल तर त्याहून उत्तम. त्या उंचीला बोल्ट टॉर्क रेंचने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यानुसार आवळायचे. स्प्रिंग नव्या असतील तर गाडी जुन्या मापापेक्षा उंच उभी राहील, म्हणून तेव्हा गाडी जमिनीवर ठेवून नवं माप घ्या आणि त्याला आवळा. गॅरेजमध्ये काम देत असाल तर हा एकच प्रश्न आधी विचारा: आर्मचे बोल्ट कधी आवळता? उत्तरावरून समोरच्या माणसाची पारख होते.

टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यातलं काहीही बदललं की व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आलंच. उलटही लक्षात ठेवा: सैल बुशच्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या खुर्चीची उंची मोजणं. मशीनवर आकडे बरोबर येतात आणि गेटबाहेर पडेपर्यंत बदलतात. बऱ्याच मॅकफर्सन गाड्यांत पुढे फक्त टो (चाकं सरळ, आत की बाहेर बघतात तो कोन) जुळवता येतो, कॅम्बर ठरलेला असतो. तो आकडा बाहेर गेला असेल तर 'जुळत नाही' म्हणून सोडून देऊ नका. काहीतरी वाकलंय किंवा नीट बसलेलं नाही. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आहे तिथे तो पुन्हा शून्यावर आणावा लागतो. गाडीची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही तपासा, समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात.

पहिल्या फेरीत गाडी कडक वाटेल. इतकी वर्षं ती हेलकावत होती म्हणून मऊ वाटायची. शिवाय आजवर न ऐकलेले एक-दोन आवाज येतील, डॅशबोर्डच्या एखाद्या क्लिपचे, सीटच्या पट्टीचे. ते आधीपासूनच होते, मोठ्या खडखडीखाली दबलेले.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बॅटरी घेऊन खाली वाका. रेघा अखंड असतील तर काम झालं. एखादी तुटलेली दिसली तर तो नट पुन्हा नुसता आवळू नका, बदला.